जर्मन पाणबुडी ‘यू-९’ : बांधणी आणि युद्धसेवा

जर्मनीच्या शाही नौदलाची ‘यू-९’ ही पाणबुडी पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, २२ सप्टेंबर १९१४ रोजी, जगप्रसिद्ध झाली. त्या दिवशी सकाळी उत्तर समुद्रात तिने सुमारे दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या आणि १,४५९ नौसैनिक मृत्युमुखी पडले. हे घडविणारी पाणबुडी त्या वेळच्या जर्मन ताफ्यातील सर्वांत नवी वा सर्वांत समर्थ पाणबुडी नव्हती. तिची इंजिने रॉकेलवर चालत, तिच्या धुरांड्यातून पांढऱ्या धुराचे लोट निघत आणि युद्धातील पहिल्याच मोहिमेतून ती यंत्रातील बिघाडामुळे अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली होती. त्यामुळे ‘यू-९’चा इतिहास जितका तिच्या सामर्थ्याचा आहे, त्याहून अधिक तिला क्षुल्लक समजणाऱ्यांच्या गाफीलपणाचा आहे.

उशिरा आलेला स्पर्धक

पाणबुड्यांच्या बांधणीत जर्मनी इतर सागरी सत्तांच्या मागे होता. फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या नौदलांत पाणबुड्या दाखल झाल्या, तरी जर्मन नौदलाचे सूत्रधार अॅडमिरल आल्फ्रेड फॉन टिर्पिट्झ यांचे सारे लक्ष मोठ्या युद्धनौकांकडे होते. किनाऱ्यालगत घुटमळणाऱ्या प्रायोगिक नौकांवर पैसा खर्च करण्यास ते राजी नव्हते. अखेर कील येथील जर्मानिया गोदीत बांधलेली ‘यू-१’ डिसेंबर १९०६ मध्ये नौदलात दाखल झाली. सुमारे ४२ मीटर लांबीच्या या नौकेवर पाणतीर म्हणजेच टॉर्पेडो सोडण्याची एकच नळी होती. ही ‘यू-१’ आजही म्युनिकच्या ‘डॉइचेस म्युझियम’मध्ये पाहावयास मिळते. ज्या वर्षी ती दाखल झाली त्याच वर्षी ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही अजस्र युद्धनौका समुद्रात उतरविली आणि महानौकांच्या शर्यतीला तोंड फुटले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘ड्रेडनॉट’चे नाव या हकिगतीत पुन्हा येणार आहे.

‘यू-९’ची मागणी जुलै १९०८ मध्ये डान्झिग येथील शाही गोदीकडे नोंदविण्यात आली. डान्झिग म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क. २२ फेब्रुवारी १९१० रोजी तिचे जलावतरण झाले आणि १८ एप्रिल १९१० रोजी ती नौदलाच्या सेवेत रुजू झाली. तिची लांबी ५७ मीटरांहून किंचित अधिक, तर रुंदी ६ मीटर होती. पृष्ठभागावर असताना तिचे विस्थापन ४९३ टन आणि पाण्याखाली ६११ टन असे. पुढे दोन व मागे दोन अशा पाणतिरांच्या चार नळ्या तिला होत्या आणि एकूण सहा पाणतीर ती वाहून नेत असे. तीसच्या आसपास अधिकारी व खलाशी तिच्यावर काम करीत.

त्या काळातील पाणबुडी ही आजच्या अर्थाने पाण्याखाली राहणारी नौका नव्हती. तळ्यातील पाणडुबी जशी गरजेपुरती बुडी मारते आणि पुन्हा वर येते, तसेच हिचे होते. प्रवास पृष्ठभागावर इंजिनांच्या साह्याने होई, तर पाण्याखाली विद्युतघटांवर चालणाऱ्या मोटारींचा आधार घ्यावा लागे. ‘यू-९’ पृष्ठभागावर ताशी १४ नॉटपर्यंत वेग घेई, पाण्याखाली मात्र ८ नॉटच्या पुढे जाणे तिला कठीण होते. बुडालेल्या अवस्थेत ५ नॉटच्या मंद गतीने ती सुमारे ८० सागरी मैल जाऊ शके. त्यानंतर घट पुन्हा भारित करण्यासाठी वर येण्यावाचून गत्यंतर नसे.

तिची खरी दुखरी बाजू म्हणजे क्योर्टिंग कंपनीची रॉकेलची इंजिने. पेट्रोलची वाफ बंद जागेत साठली तर ठिणगीसरशी स्फोट होतो. इतर देशांच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांना ही भीती सतत भेडसावत असे. जर्मन अभियंत्यांनी म्हणून तुलनेने सुरक्षित अशा रॉकेलची निवड केली. परंतु या सुरक्षिततेची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. इंजिनांचा आवाज मोठा होता. दिवसा त्यांचा दाट पांढरा धूर दूरवरून दिसे आणि रात्री धुरांड्यातून ज्वाळा व ठिणग्या उडत. हे धुरांडे नौकेच्या पाठीवर उभारलेले असे आणि बुडी मारण्यापूर्वी ते खाली घ्यावे लागे. लपणे हेच जिचे प्रमुख शस्त्र, तिनेच असा डंका पिटत फिरावे, यातील विसंगती नौदलाला कळत नव्हती असे नाही. डिझेल इंजिन बसविलेली पहिली जर्मन पाणबुडी ‘यू-१९’ १९१३ मध्ये दाखल झाली, आणि ‘यू-९’ युद्ध सुरू होण्यापूर्वीच जुनी ठरली.

आतील जीवनही खडतर होते. ‘यू-९’चे पहारा अधिकारी योहान्नेस श्पीस यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत त्याचे तपशील आढळतात. त्यांची झोपण्याची जागा इतकी अरुंद होती की एका कुशीवरच पडून राहावे लागे. पोलादी भिंतींवर दमट हवेचे पाणी साचून ते झोपलेल्यांच्या अंगावर ठिबके. नौकेचा तोल इतका नाजूक होता की पाणतीर सुटताच पुढचा भाग हलका होऊन वर उसळी घेई. ती पृष्ठभागावर येऊ नये म्हणून खलाशांना पुढून मागे व मागून पुढे धावावे लागे. म्हणजे माणसांचाच भार म्हणून वापर होत असे.

तरीही एका बाबतीत या नौकेने आघाडी घेतली होती. १६ जुलै १९१४ रोजी, युद्ध भडकण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, तिच्या खलाशांनी पाण्याखाली असतानाच नळ्यांमध्ये नवे पाणतीर भरून दाखविले. यापूर्वी कोणत्याही पाणबुडीला हे साधले नव्हते. सरावातील ही करामत पुढे किती मोलाची ठरणार आहे, याची कल्पना त्या दिवशी कोणालाही नसावी.

‘जिवंत आमिष’

ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या आठवड्यात हेलिगोलँड बेटावरून दहा जर्मन पाणबुड्या ब्रिटिश आरमाराच्या शोधात उत्तरेकडे रवाना झाल्या. हाती काहीच लागले नाही. दोन पाणबुड्या परतल्याच नाहीत. त्यांपैकी ‘यू-१५’ला ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने धडक देऊन बुडविले. ‘यू-९’ इंजिनातील बिघाडामुळे आधीच मागे वळली होती. पाणबुडीविषयी ज्यांना शंका होती, त्यांना या मोहिमेने बळच मिळाले. ५ सप्टेंबर रोजी ‘यू-२१’ने स्कॉटलंडच्या किनाऱ्यासमोर ‘पाथफाइंडर’ ही क्रूझर बुडविली, तरीही ब्रिटिश नौदलाच्या दैनंदिन व्यवहारात म्हणावा तसा फरक पडला नाही.

हॉलंडच्या किनाऱ्यासमोरील ‘ब्रॉड फोर्टीन्स’ या सागरी पट्ट्यात ब्रिटनच्या जुन्या चिलखती क्रूझरचे एक पथक गस्त घालीत असे. ‘अबुकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या त्यांतील तीन नौका प्रत्येकी सुमारे १२,००० टनांच्या, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सेवेत आलेल्या आणि आता गती मंदावलेल्या होत्या. त्यांवरील बहुसंख्य खलाशी हे घरसंसार थाटलेले, राखीव दलातून पुन्हा बोलावलेले पुरुष होते. सोबत डार्टमथच्या नाविक विद्यालयातून थेट युद्धावर धाडलेली मुले होती. त्यांतील काहींचे वय पंधरा वर्षांचेही नव्हते. ब्रिटिश आरमारात या पथकाला ‘जिवंत आमिषाचे पथक’ असे उपरोधाने म्हटले जाई. कमोडोर रॉजर कीज यांनी ऑगस्टमध्येच धोक्याचा इशारा दिला होता. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीही १८ सप्टेंबर रोजी या नौकांना तेथे ठेवण्यातील जोखीम समर्थनीय नसल्याचे लेखी कळविले होते. मात्र निर्णय होईपर्यंत गस्त चालूच राहिली. उपरोध करणाऱ्यांना धोका दिसत होता, तो टाळण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना घाई नव्हती.

२० सप्टेंबरला पथकप्रमुख रिअर अॅडमिरल ख्रिश्चन यांची ‘युरायलस’ कोळसा भरण्यासाठी बंदराकडे गेली आणि सूत्रे ‘अबुकिर’चे कप्तान जॉन ड्रमंड यांच्याकडे आली. वादळी हवेमुळे संरक्षक विनाशिकांनाही माघारी पाठविण्यात आले होते. अशा समुद्रात पाणबुडी काम करू शकणार नाही, असा समज होता. तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही, कारण त्याच वादळाने ‘यू-९’लाही हैराण केले होते. लेफ्टनंट ओटो वेडिगेन यांच्या नेतृत्वाखाली ती बेल्जियमच्या किनाऱ्याकडे, ब्रिटिश सैन्याची वाहतूक रोखण्यासाठी निघाली होती. वेडिगेन नुकतेच बत्तीस वर्षांचे झाले होते. वाटेत दिशादर्शक यंत्र बिघडले, नौका मार्ग सोडून भलतीकडे गेली आणि वादळ टाळण्यासाठी तिला बुडी मारावी लागली. २२ तारखेच्या पहाटे ती वर आली तेव्हा वारा पडला होता आणि क्षितिजावर डोलकाठ्या दिसत होत्या.

तिन्ही क्रूझर एकमेकींपासून दोन मैलांवर, समांतर, १० नॉटच्या संथ गतीने सरळ रेषेत चालल्या होत्या. पाणबुडीपासून बचावासाठी नागमोडी मार्गाने जाण्याचा दंडक पाळला जात नव्हता. वेडिगेन यांनी सुमारे ५०० मीटरवरून मधल्या ‘अबुकिर’वर एक पाणतीर सोडला. तेव्हा सकाळचे साडेसहा वाजत आले होते. ड्रमंड यांना वाटले की आपली नौका पाणसुरुंगावर आदळली. त्यांनी मदतीसाठी इतर दोन नौकांना जवळ येण्याची खूण केली.

या एका आज्ञेत त्या सकाळची सारी शोकांतिका सामावलेली आहे. बुडणाऱ्या सहकाऱ्यांना वाचविणे हा समुद्रावरचा सनातन धर्म. ‘होग’ जवळ येऊन थांबली, तिने होड्या सोडल्या, आणि ती थांबली म्हणूनच सुलभ लक्ष्य ठरली. पाण्याखाली नळी पुन्हा भरून ‘यू-९’ने केवळ ३०० मीटरवरून तिच्यावर दोन पाणतीर डागले. हलकी झालेली पाणबुडी क्षणभर पृष्ठभागावर उसळली आणि ‘होग’च्या तोफांनी तिच्यावर मारा केला, पण नेम लागला नाही. दहा-पंधरा मिनिटांत ‘होग’ उलटली. आता शत्रू पाणबुडी आहे हे ‘क्रेसी’वर कळून चुकले होते, तरी पाण्यातील शेकडो माणसे सोडून जाणे तिच्या कप्तानाला जमले नाही. सव्वासातनंतर ‘यू-९’ने मागील दोन्ही नळ्यांतून पाणतीर सोडले, त्यांतील एक लागला. विद्युतघट संपत आलेले असताना तिने वळण घेतले, उरलेला सहावा व शेवटचा पाणतीर पुढील नळीत भरला आणि तोही लागला. आठ वाजण्यापूर्वी ‘क्रेसी’ दिसेनाशी झाली.

किट वायकहॅम-मस्ग्रेव्ह या पंधरा वर्षांच्या मिडशिपमनची त्या सकाळची कहाणी ब्रिटनमध्ये आजही सांगितली जाते. तो ‘अबुकिर’वर होता. ती बुडताना तिच्या ओढीतून निसटून तो पोहत ‘होग’पाशी पोहोचला, तोच तिच्यावर आघात झाला. पुन्हा पोहत त्याने ‘क्रेसी’ गाठली आणि तीही बुडाली. अखेर लाकडाच्या तुकड्याला धरून तरंगत असताना त्याला एका डच नौकेने वाचविले. हा मुलगा पुढे दुसऱ्या महायुद्धातही नौदलात होता. त्याच्या अनेक समवयस्कांच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही.

‘फ्लोरा’ आणि ‘टायटन’ ही डच जहाजे तसेच लोस्टॉफ्टच्या दोन ब्रिटिश मासेमारी नौका यांनी सुरुंगांच्या भीतीला न जुमानता बचावकार्य केले. एकूण ८३७ जण वाचले. मृतांत इंग्लंडच्या मेडवे परिसरातील राखीव सैनिकांचा भरणा मोठा असल्याने तेथील वस्त्यांत घरोघरी सुतक आले. चौकशी समितीने ड्रमंड यांच्यावर नागमोडी मार्ग न घेतल्याचा आणि हवा निवळताच विनाशिका न बोलावल्याचा ठपका ठेवला, परंतु मुख्य दोष अशी गस्त चालू ठेवणाऱ्या नौदल मुख्यालयाकडेच जात असल्याचे तिला नाकारता आले नाही. यानंतर मोठ्या नौकांनी धोक्याच्या क्षेत्रात बुडणाऱ्या सहकारी नौकेच्या मदतीसाठी थांबू नये, असा आदेश काढण्यात आला. युद्धशास्त्राच्या दृष्टीने तो अचूक होता; त्याचा अर्थ काय होतो हे पाण्यात पडलेल्या माणसालाच कळेल.

एकाच दिवशी दोन आघात

भारतीय वाचकांना २२ सप्टेंबर १९१४ ही तारीख वेगळ्या कारणाने परिचित असेल. त्याच रात्री ‘एमडन’ या जर्मन क्रूझरने मद्रास बंदरावर तोफा डागून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या होत्या. शहरात त्यामुळे उडालेली घबराट इतकी खोलवर रुजली की ‘एमडन’ हा शब्द धाडसी वा बिलंदर माणसासाठी तमिळ भाषेत रूढ झाला. या दोन नौकांचे नाते तारखेपुरते नाही. ‘एमडन’देखील डान्झिगच्या त्याच शाही गोदीत बांधलेली होती. पुढे कैसर विल्हेल्म दुसरा याने ‘आयर्न क्रॉस’ हे शौर्यचिन्ह माणसांबरोबर प्रत्यक्ष नौकांनाही बहाल केले, तेव्हा तो मान मिळालेल्या दोनच नौका होत्या : ‘यू-९’ आणि ‘एमडन’.

तीन आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर रोजी, स्कॉटलंडच्या पूर्वेला ‘यू-९’ने ‘हॉक’ या आणखी जुन्या क्रूझरला गाठले. दुसऱ्या नौकेकडून टपाल घेण्यासाठी ‘हॉक’ थांबली होती आणि आपल्या जागी परत जाण्यासाठी सरळ मार्गाने निघाली होती. एकाच पाणतिराने ती काही मिनिटांत बुडाली. सुमारे ५२४ जणांचा अंत झाला, जेमतेम सत्तर वाचले. १९११ मध्ये ‘टायटॅनिक’ची भगिनी-नौका ‘ऑलिंपिक’शी झालेल्या टकरीमुळे ‘हॉक’चे नाव आधीच चर्चेत आले होते. वेडिगेन यांना जर्मनीचा ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च लष्करी किताब मिळाला. ब्रिटनचा मुख्य आरमारी ताफा पाणबुड्यांच्या धास्तीने स्कापा फ्लो सोडून काही काळ आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत मागे सरला. तेथे ऑक्टोबरअखेर ‘ऑडेशियस’ ही नवी महानौका सुरुंगाला बळी पडली, हा या माघारीतील दुर्दैवाचा भाग.

जानेवारी १९१५ मध्ये ‘यू-९’ची सूत्रे योहान्नेस श्पीस यांनी स्वीकारली. वेडिगेन यांच्याकडे ‘यू-२९’ ही डिझेलवर चालणारी नवी पाणबुडी सोपविण्यात आली. १८ मार्च १९१५ रोजी पेंटलंडच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश ताफ्यावर हल्ला करताना तिचा पेरिस्कोप ‘ड्रेडनॉट’ने टिपला आणि तिला धडक देऊन बुडविले. कोणीही वाचले नाही. समुद्राचे राजकारण बदलून टाकणाऱ्या त्या महानौकेने आपल्या सबंध कारकिर्दीत बुडविलेली ही एकमेव शत्रुनौका होय. जुनाट ‘यू-९’मधून सुखरूप परतणारा कप्तान नव्या पाणबुडीत बुडाला.

श्पीस यांच्या काळात ‘यू-९’ने १३ नौका बुडविल्या, परंतु त्यांत १० लहान मासेमारी नौका होत्या, ‘डॉन’, ‘क्वीन विल्हेल्मिना’ आणि ‘सर्बिनो’ ही उरलेली तीन ब्रिटिश व्यापारी जहाजे. या तेरांचे एकत्रित वजन सुमारे ८,६०० टन भरते, म्हणजे २२ सप्टेंबरला बुडविलेल्या एका क्रूझरपेक्षाही कमी. पाणबुडीयुद्धाचे स्वरूप आता पालटत होते. युद्धनौकांऐवजी व्यापारी जहाजे आणि कोळ्यांच्या होड्या तिचे भक्ष्य बनत होत्या. मे १९१५ मध्ये ‘यू-२०’ने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवून सुमारे १,२०० जणांचा बळी घेतला. त्यात प्रामुख्याने सामान्य प्रवासी व जहाजावरील कर्मचारी होते. जुलै १९१५ पासून ‘यू-९’ बाल्टिक समुद्रात होती. एप्रिल १९१६ मध्ये तिला आघाडीवरून काढून नव्या खलाशांच्या प्रशिक्षणासाठी ठेवण्यात आले. रॉकेलच्या इंजिनांचे दिवस खऱ्या अर्थाने संपले होते.

युद्धसमाप्तीनंतर २६ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘यू-९’ ब्रिटनच्या स्वाधीन करण्यात आली आणि १९१९ मध्ये इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोरकॅम येथे मोडीत काढली गेली. ‘यू-१’प्रमाणे तिला संग्रहालय लाभले नाही. नाव मात्र टिकले. १९३५ मध्ये जर्मनीने पाणबुडीदलाची पुन्हा उभारणी केली, तेव्हा पहिल्या तुकडीला ‘वेडिगेन’ हे नाव देऊन कार्ल डोनिट्झ यांच्याकडे सोपविण्यात आले. त्याच वर्षी बांधलेल्या दुसऱ्या ‘यू-९’च्या मनोऱ्यावर आयर्न क्रॉसचे चिन्ह मिरविले जाई. तिसरी ‘यू-९’ पश्चिम जर्मनीच्या नौदलात १९६७ मध्ये दाखल झाली; निवृत्तीनंतर ती श्पायर येथील तंत्रसंग्रहालयात ठेवण्यात आली आहे.

‘अबुकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ यांचे अवशेष हॉलंडसमोरील उथळ समुद्रात आहेत. ही सैनिकांची समाधिस्थळे असूनही १९५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांतील धातू काढण्याचे हक्क विकले आणि पुढे अनेक वर्षे तेथून भंगार उचलले गेले. ‘हॉक’ मात्र खोल पाण्यामुळे बचावली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणबुड्यांच्या बळींचा शोध घेणाऱ्या हौशी गटाला ती फ्रेझरबर्गच्या पूर्वेस सुमारे ११० मीटर खोलीवर सापडली. तिच्या डेकवरील सागवानी फळ्या बऱ्याच अंशी शाबूत होत्या आणि आत नौदलाची मुद्रा असलेली चिनी मातीची भांडी होती.